फर्म्याची तिरपी कड

दाजी,

तुमच्या तिरडीसाठी बांबू आले तेव्हा कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, किती लांब काढायचे?" मी मागच्या खिशातून टेप काढला, तुमच्या पायाशी बसलो, टाचेपासून टाळूपर्यंत माप घेतलं आणि मोठ्यानं सांगितलं, "पाच फूट साडेसहा इंच." तिरडीला असं माप कुणी घेत नाही, हे टेप मिटल्यावर माझ्या ध्यानात आलं. ओसरीवरचा एक म्हातारा म्हणाला, "असू द्या, हाताची सवय हाय." अक्का भिंतीला टेकून बसली होती. ती नुसती बघत होती.

मी रडलो नाही. त्या दिवशी नाही, राख सावडताना नाही, तेराव्यालाही नाही. दाढ काढायला सुई दिल्यावर आपलाच गाल आपल्याला परका वाटतो, तसं सगळं अंग झालंय. दुकान उघडतो, गिऱ्हाइकाशी बोलतो, जेवतो. चव कळते. एवढंच.

वसाहतीचा दरवर्षी एक छोटा अंक निघतो. त्यात दाजींवर दोन पानं लिहा, असं मला सांगितलंय. त्यांना वाटतं मी लिहीन की माणूस कष्टाळू होता, शब्दाचा पक्का होता. तुम्ही होतातच. पण हा अंक जी माणसं घरं विकून पुण्याला, लातूरला गेली त्यांनाही पोस्टानं जातो, आणि त्यांतल्या काही घरांच्या छपरात तुम्ही मारलेली पाचर अजून आहे. म्हणून मी वेगळंच लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. बोलायचीही नव्हती, ते तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. लग्न झालं तेव्हा मी गावात रिकामा हिंडत होतो, आणि तुम्ही चौसाळ्याला सुतारकी करत होतात. अक्काला माहेराहून न्यायला आलात आणि जाताना मलाही घेऊन गेलात. वडील म्हणाले, "जावईबापू, ह्येला काय बी येत न्हाई." तुम्ही म्हणालात, "मग बरंच हाय. उलटं शिकलेलं पुसावं लागत न्हाई." पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात करवत दिली नाही. प्लायवूडचा एक तुकडा दिला, त्याच्या एका बाजूला खाच, एका बाजूला तिरपी कड.

"ह्यो फर्मा. समजलं का मेव्हणे?"

"न्हाई."

"दर वासा मोजून कापला, तर दर वाशाला चुकायची संधी हाय. म्हनून एकदाच मोजायचं, एकदाच डोकं तापवायचं आन् पाटीवर उतरवायचं. मग आपुन काय बी मोजायचं न्हाई. ही पाटी म्हनंल तसं आखायचं."

"आन् पाटीच चुकली तर?"

तुम्ही हसलात. "मग समदंच सारखं चुकतंय. त्यात बी एक शिस्त हाय."

हे मी इतक्या वर्षांत विसरलो नाही. विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

आपला कायमचा वाद रेघेचा. फर्मा लाकडावर ठेवून पेन्सिल फिरवली की रेघ फर्म्याच्या बाहेर पडते. तुमचं म्हणणं, करवतीनं रेघ खायची, कारण रेघेची जाडी फर्म्याची नव्हे. माझं म्हणणं, रेघ राखायची, मग रंध्यानं हळू आत यायचं. लाकूड जास्तीचं असलं तर काढता येतं, कमी झालं तर लावता येत नाही. तुम्ही म्हणायचात, "रंधा मारायची पाळी आली म्हंजे कापताना भ्यालास." मी म्हणायचो, "भ्यालेलं बरं." कधी जेवताना, कधी एस.टी.त, एकदा तर एका लग्नाच्या पंगतीत, पत्रावळीवर बोटानं भातात रेघ ओढून हा वाद आपण घातला. वाढपी ताटकळत उभा होता. अक्का बायकांच्या पंगतीतून म्हणाली, "त्या दोघांना वरण नका वाढू, रेघ वाहून जाईल."

गेल्या महिन्यातही तुम्ही खाटेवर पडून म्हणालात, "रेघ खायची असती." मी उत्तर दिलं नाही. तुम्हाला वाटलं असेल, मेव्हण्यानं शेवटी मानलं. मी मानलं नव्हतं. मी दुसरंच काही सांगायला आलो होतो.

ते आता सांगतो.

वसाहतीच्या गृहनिर्माण संस्थेचं काम तुम्हाला मिळालं, त्या वर्षी सलग दुसरा दुष्काळ होता. सभासद एकवीस, घरं एकवीस, सगळी एका मापाची. त्यात एक प्लॉट तुमचाही. संस्थेनं लाकूड एकदम आणून टाकलं होतं, सगळं आडजात, साग नव्हे, पण सरळ. पाणी मात्र नव्हतं. टँकर चार दिवसांनी यायचा, आणि तेवढ्या पाण्यात गवंडी सिमेंट कालवील की माणसं पितील? भिंती पायावर थांबल्या. गवंडी आपापल्या गावी गेले. शेजारच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती. दिवसभर हंबरणं ऐकू यायचं.

तेव्हा तुम्ही चेअरमनला म्हणालात, "सायेब, सुताराला पानी लागत न्हाई. भिंती होतील तवा होतील. मी एकवीस घरांच्या छपराच्या कैच्या आत्ताच कापून ठिवतो. भिंत उठली की दोन दिवसांत छप्पर." चेअरमनला हे पटलं. मला भीती वाटली. ज्या भिंती अजून नाहीत त्यांच्यासाठी लाकूड कापायचं. पण तुमचा फर्मा होता. दोन हात लांब, दीड हात रुंद प्लायवूडची पाटी, खाली भिंतीवर बसायची खाच, वर दोन वासे जिथं एकमेकांना भिडतात त्या जोडाची तिरपी कड. त्या कडेवर तुम्ही दोन दिवस घालवले होते. जमिनीवर चुन्यानं पूर्ण घराचा छेद आखला होतात, वासे आडवे मांडून पाहिले होते. पहिला तुकडा कापून बघितलात, नापास केलात, आपल्या कामाच्या मांडवाच्या खांबाला टेकवून ठेवलात. मग कड पुन्हा घासली, दुसरा तुकडा कापलात, तो जोडला. जोडात पोस्टकार्ड शिरलं नाही. तुम्ही फर्म्यावर लिहिलंत, "ही बाजू वर". खाली तारीख घातलीत, आणि म्हणालात, "आता ह्यो मालक, आपुन गडी."

सहा घरं कापून झाली. मग गेवराईहून निरोप आला, तुमची थोरली बहीण आजारी. तुम्ही आठ दिवसांसाठी गेलात. जाताना म्हणालात, "पाच घरं वढ. घाई करू नगंस." मी मनात ठरवलं, सात कापून दाखवीन.

पाण्याचा मोठा ड्रम आपल्या मांडवात होता. त्याचं झाकण वावटळीत उडून गेलं होतं, सापडलं नव्हतं. तुम्ही गेलात त्याच दिवशी टँकर येऊन ड्रम भरला, आणि छावणीतली दोन वासरं दावं तोडून आली ती थेट ड्रमात तोंड घालून प्यायला लागली. ती हाकलली. पुन्हा आली. छावणीतल्या माणसांशी भांडण झालं. "पानी उघडं ठिवता आन् जनावराला दोष देता," ते म्हणाले. ते खरं होतं. चार दिवसांचं पाणी होतं ते. मी इकडं तिकडं पाहिलं, आणि ड्रमाच्या तोंडावर नेमकी बसेल अशी एकच सपाट वस्तू मांडवात होती. पहिले दोन दिवस वासे नुसते लांबीला तोडायचे होते, आखायला फर्मा लगेच लागणार नव्हता. फर्मा ड्रमावर ठेवला, वर दगड ठेवला.

दाजी, दुसरी एखादी पाटी मी शोधली असती तर सापडली असती. पण तहान लागलेल्या जनावरासमोर माणूस हाताला लागेल ते घेतो. मी हे स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. याच्यापुढं जे केलं त्याला मात्र मला काही सांगता आलेलं नाही.

दीड दिवस फर्मा ड्रमावर राहिला. आत पाण्याची वाफ, वर कुणी ना कुणी ओला तांब्या ठेवणार. तिसऱ्या दिवशी सकाळी आखायला उचलला तर तिरप्या कडेचं वरचं टोक फुगलं होतं. थर सुटून पापडासारखे वळले होते. मी फर्मा उन्हात ठेवला. थर बसले, पण कड आता कड राहिली नव्हती.

तुमची वाट पाहायची होती. चुन्याचा छेद जमिनीवर होता, अर्धा पुसलेला, पण होता. त्यावरून मिळवून घेता आलं असतं. मी ते केलं नाही. मांडवाच्या खांबाला एक कापलेला तुकडा टेकलेला दिसला. मी त्याच्यावर फर्मा लावून पाहिला, कुठं फुगवटा आहे ते पेन्सिलीनं आखलं, आणि रंधा मारला. कड त्या तुकड्याला तंतोतंत मिळाली. मला हायसं वाटलं. मग मी सात घरांचे वासे कापले.

तो तुकडा तुम्ही नापास केलेला पहिला होता. मागच्या बाजूला तुमची पेन्सिलीची फुली होती. मी मागची बाजू पाहिली नाही. फर्म्यावरून तुकडा आखायचा, तुकड्यावरून फर्मा कधीच नाही, हे तुम्ही मला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. फुली मला दिसली दोन महिन्यांनी, सरपणात.

तुम्ही गेवराईहून आलात. चहा पण घेतला नाहीत, आधी वासे बघितलेत. "सात? वा रे मेव्हणे." माझ्या पाठीवर थाप मारलीत. मग फर्मा हातात घेतलात आणि अंगठा कडेवरून फिरवलात. तुमचा अंगठा वरच्या टोकाला थांबला.

"कड मऊ लागतीय रे. कावून?"

मी म्हणालो, "ऊन लागलं असंल."

एवढंच, दाजी. तीन शब्द. त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर सात घरांचे वासे वाया गेले असते. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या. संध्याकाळी अक्कानं आपल्या दोघांना ताटं वाढली असती. संपलं असतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत, फर्म्याकडं बघितलंत, आणि म्हणालात, "ऊन तर लई हाय." आणि उरलेली सात घरं तुम्ही स्वतः त्याच फर्म्यानं आखलीत. तुमच्या स्वतःच्या घराचं लाकूड तेवढं न कापता ठेवलंत. "आपलं शेवटी," म्हणालात.

पाणी आलं. भिंती उठल्या. पहिली सहा छपरं चढली, जोडात नख शिरत नव्हतं. सभासद येऊन बघून जायचे. सातव्या घराला कैची उभी केली आणि वरच्या जोडात अंगठा जाईल एवढी फट. तुम्ही वासे उतरवले, पुन्हा चढवले. फट तशीच. वरचं टोक पुन्हा कापावं, तर वासा आखूड होऊन खालची खाच भिंतीवरून सरकत होती. खाच बसवावी, तर वर फट. तुम्ही आठव्या घराचे वासे आणायला सांगितलेत. मग नवव्या घराचे. मी आणत होतो. मला तोवर कळलं होतं. तुमच्याही चेहऱ्यावर काहीतरी कळल्यासारखं होतं, पण तुम्ही काय समजलात ते मला आजतागायत ठाऊक नाही.

चेअरमन आले, कमिटी आली. खाली उभे राहून वर बघत होते. एकानं विचारलं, "मिस्त्री, ही फट हाय का खिडकी?" हसले सगळे. दहाव्या घराचे मालक एस.टी.त ड्रायव्हर होते, ते म्हणाले, "चिमण्यांची सोय केली मिस्त्रीनं." पुन्हा हसले. मग चेअरमननी विचारलं, "मेव्हण्यानं कापलंय का ह्ये?"

मी शिडीवर होतो. तुम्ही खाली. तुम्ही वर पाहिलं नाहीत.

"त्यानं मी आखल्यावरच कापलंय," तुम्ही म्हणालात. "फर्मा माझा हाय सायेब. चूक माझी."

तुम्ही आखलं नव्हतंत. सात घरांचं मी आखलं होतं, तुम्ही गेवराईला होतात. हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मी शिडीवरून उतरलो नाही. शिडीची वरची पायरी घट्ट धरून उभा राहिलो. कमिटी निघून गेली तरी उभाच होतो. तुम्हीच म्हणालात, "उतर आता. च्या पिऊ."

मग तुम्ही तो उपाय काढलात. प्रत्येक जोडात लाकडाची पाचर ठोकायची आणि दोन्ही बाजूंनी पट्टी मारून बोल्ट आवळायचे. छप्पर भक्कम झालं. आज बावीस वर्षं झाली, एकही बसलं नाही. पण फट झाकलेली दिसायची ती दिसायचीच. चौदा घरांच्या पाचरा आणि पट्ट्या तुमच्या स्वतःच्या घराच्या लाकडातून निघाल्या. संस्थेकडं मागायला तुम्ही गेला नाहीत. तुमच्या घराच्या चारी भिंती उघड्या उभ्या राहिल्या, आत घाणेरी वाढली. अक्का आणि तुम्ही भाड्याच्या खोलीत राहिलात.

फर्मा तुम्ही त्या दिवशी घरी नेलात. संध्याकाळी मी आलो तेव्हा तुम्ही चुलीसमोर बसला होतात. अक्का आंघोळीचं पाणी तापवत होती. तुम्ही फर्मा मांडीवर घेऊन तिरप्या कडेकडं बघत होतात. माझ्या रंध्याच्या पात्याला खांडा पडला होता, आणि त्यानं घासलेल्या प्रत्येक लाकडावर केसाएवढी एक उभी रेघ राहायची. तुम्ही चिडवायचात, "ह्यो मेव्हण्याचा सही-शिक्का." ती रेघ त्या कडेवर असणार. असणारच. तुम्ही फर्मा गुडघ्यावर ठेवून मोडलात आणि चुलीत घातलात. म्हणालात, "सरक, धूर लागंल."

माझ्याविरुद्ध तेवढा एकच पुरावा होता, दाजी. तुम्ही तो जाळलात. का जाळलात हे विचारायला माझ्याजवळ बावीस वर्षं होती.

वसाहतीचा दुसरा टप्पा दुसऱ्या मिस्त्रीला गेला. ड्रायव्हरसाहेबांनी नाव पाडलं, "पाचर मिस्त्री", आणि ते चिकटलं. बाजारात कुणी हाक मारली तरी त्याच नावानं. अक्काला बायका "पाचर मिस्त्रीची मंडळी" म्हणायच्या, वाईट हेतूनं नाही, ओळख पटावी म्हणून. काम येईना. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही दोघं ऊस तोडायला गेलात, कोयत्यावर. तीन हंगाम. एकदा मी फडावर भेटायला आलो. पाचटानं तुमचे हात चिरले होते. तुम्ही हसून म्हणालात, "बरं हाय मेव्हणे. उसाला फर्मा लागत न्हाई. बुडातनं छाटायचा, शेंडा उडवायचा. कुनी जोड बघत न्हाई."

आणि मी? माझ्या नावावर डाग नव्हता. लोक म्हणायचे, मेव्हणा बरा आहे, मिस्त्रीचंच माप गेलं. केजला मी दुकान टाकलं. पहिल्या दिवशी तुम्ही आलात, फडक्यात गुंडाळलेला तुमचा जुना गुण्या मला दिलात. काटकोन तपासायचं तेवढं एक हत्यार, तुमच्या गुरूचं. म्हणालात, "मला आता लागत न्हाई." मी पाया पडलो. तेव्हा सांगता आलं असतं. गिऱ्हाईक आलं.

फडावरून परत आल्यावर तुम्ही दुकानात येऊन काम करायचात. तुमचा हात तोच होता. पण तुम्ही कधी पुन्हा फर्मा केला नाहीत. खुर्चीच्या पायाचा साधा फर्मा असला तरी पेन्सिल माझ्याकडं सरकवायचात. "तू आख. मी कापतो." आणि कापण्याआधी माझं माप तीनदा तपासायचात, मला नाही, स्वतःला. टेपवरचा आकडा हळू वाचायचात, जसं शाळेत वाचतात. तुमच्यासारखा माणूस आपल्याच डोळ्यांवर भरवसा ठेवायला घाबरतो, हे मी समोर उभं राहून बघत होतो. गप्प राहायची मला जन्माची सवय. लोक तिला सज्जनपणा म्हणायचे.

तुमच्या घरावर छप्पर आठ वर्षांनी चढलं. लोखंडी पाइप आणि पत्रे. त्यात लाकूड नव्हतंच.

शेवटचं भेटलो तेव्हा तुम्हाला बोलताना धाप लागत होती. मी खाटेशेजारी बसून राहिलो. तुम्ही म्हणालात, "काय मेव्हणे, तोंडात काय धरलंय?"

"सुपारी," मी म्हणालो.

"मग चावून टाक की. किती येळ घोळवतोस."

तुम्ही थट्टा करत होतात की मला वाट करून देत होतात? मी हसलो. तुम्हीही हसलात, मग खोकला आला, अक्का पाणी घेऊन आली. दोन दिवसांनी फोन आला.

तेरावा झाला. परवा पाहुणे गेले. दुपारी अक्का आणि मी दोघंच होतो. ती तुमचे सदरे घड्या करून वेगळे ठेवत होती, कुणाला द्यायचे, कुठले ठेवायचे. मी सांगितलं. ड्रम, वासरं, रंधा, फुली, "ऊन लागलं असंल", शिडी. जसं घडलं तसं. माझा आवाज मला दुसऱ्याचा वाटत होता. तिनं एकही सदरा खाली ठेवला नाही, हातातला घडी करत राहिली. संपल्यावर विचारलं,

"म्हंजे त्यांचं माप बरुबर हुतं?"

"होतं."

"समद्या घरांचं?"

"सगळ्या."

तिनं हातातली घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, "मी त्यांना लई बोलले रे भानुदास. फडात मोळ्या बांधता बांधता बोलले. उघड्या भिंती दिसल्या की बोलले. एक पाटी नीट करता आली न्हाई तुमास्नी, म्हनायचे. आन् ते काय म्हनायचे ठाव हाय का? 'न्हाई आली.' एवढंच. भांडायचे बी न्हाईत. मला वाटायचं, चुकलेत म्हनून गप हायती."

मी तिच्या पायावर हात ठेवायला गेलो. तिनं पाय आत घेतले.

"तू सांगून मोकळा झालास," ती म्हणाली. "मी बोललेलं कुठं ठिऊ?"

मी समजत होतो की मी तिला काहीतरी परत देतोय. मी तिच्याकडून आणखी काढून घेतलं, दाजी. आतापर्यंत तिला निदान एवढं होतं की तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं.

तिनं सदरे ट्रंकेत टाकले. डोक्यावरून पदर घेतला, चपला पायात घातल्या.

"चल."

"कुठं?"

"सातव्या घरापासनं."

सातव्या घरात कंपाउंडरच्या बाई राहतात. त्यांनी आधी आम्हाला बसायला सतरंजी टाकली. अक्का बसली नाही. उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तुमच्या छपराचा जोड आमच्या मालकानं चुकवला न्हवता. ह्येनं फर्मा बिघडवला आन् सांगितलं न्हाई." बाईंनी माझ्याकडं पाहिलं, वर छताकडं पाहिलं. वर आता पांढरं छत केलंय, फट दिसतही नाही. "कंचा फर्मा?" त्या म्हणाल्या. अक्कानं पहिल्यापासून सांगितलं. ड्रमापासून. मी शेजारी उभा होतो. ऐकून बाई म्हणाल्या, "जाऊ द्या आता वहिनी, माणूस गेलं." अक्का म्हणाली, "माणूस गेलं म्हनूनच आले."

आठव्या घरात नवे लोक आहेत, त्यांना तुम्ही ठाऊकच नाही. तरी तिनं सांगितलं. त्यांनी चहा विचारला. नववं घर बंद होतं. अक्का बंद दारासमोरही थोडं थांबली, मग पुढं निघाली. ऊन कडक होतं. मी म्हणालो, "अक्का, उद्या येऊ." ती वळलीही नाही.

दहावं घर ड्रायव्हरसाहेबांचं. आता फार थकलेत, बाहेर बाजेवर पडून असतात, ऐकू कमी येतं. आम्हाला पाहून उठून बसले, सुनेला म्हणाले, "पाचर मिस्त्रीच्या घरची मानसं आलीत गं, पानी आन." काही वाईट मनात नव्हतं त्यांच्या. अक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. मला वाटलं, ती आता सुरू करील. पण ती बाजूला सरकली आणि तिनं मला पुढं केलं.

"आता तू बोल," ती म्हणाली.

मी बोललो. ड्रायव्हरसाहेबांनी कानाला हात लावला, अक्काकडं बघून विचारलं, "काय म्हनतोय ह्यो?"

"मोठ्यानं बोल," अक्का म्हणाली.

शेजारच्या ओट्यावर दोघी बायका गहू निवडत होत्या, त्या थांबल्या. समोरच्या दुकानातला माणूस दाराशी आला.

मी मोठ्यानं बोललो.